मेलेल्या माणसाची सही

बैस. आणि ते कौतुक आधी आवर. "बाई, बाबांचं रिटर्न पाच मिनिटांत भरून टाकलं" हे तू ज्या सुरात सांगितलंस, तो सूर मला बुककीपिंगच्या तासापासून ठाऊक आहे. उत्तर चुकलेलं असलं की तुझा आवाज चढतो.

वडील गेले ऑक्टोबरात. रिटर्न भरलंस जुलैत. त्यांचा पासवर्ड टाकलास, त्यांचा मोबाइल मुद्दाम चालू ठेवला होतास त्यावर ओटीपी घेतलास, आणि "मी हे सत्य म्हणून जाहीर करतो" यावर टिचकी मारलीस. कोणी जाहीर केलं? दर नोव्हेंबरात हा माणूस बँकेत जाऊन हयातीच्या रजिस्टरवर सही करायचा. या वर्षी ती सही तू केलीस म्हण की!

"सगळेच असं करतात." सगळे कोण, त्यांची नावं लिहून आण.

बरं, भरलंस ते तरी धड? आकडे आधीच भरून आलेले दिसले आणि तू मान डोलावलीस. एफडीचं व्याज बघ. मार्चपर्यंतचं आहे. ऑक्टोबरात गेलेला माणूस मार्चपर्यंत व्याज कसं कमावतो? बँकेला तू कळवलंच नाहीस, म्हणून बँकेने वर्षभराचं व्याज त्यांच्या पॅनवर दाखवलं आणि टीडीएसही त्यांच्याच पॅनवर कापला. एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती विवरणात, दिसतं ते बँकेने कळवलेलं असतं, बाबा. ते तपासायचं काम तुझं. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न त्यांचं. त्यापुढचं व्याज ज्याच्या वाट्याला ती ठेव आली त्याचं, आणि ते त्याच्या रिटर्नमध्ये जातं. बँकेकडून व्याजाचा तारीखवार तक्ता माग आणि मध्ये रेघ मार. नोव्हेंबरची पेन्शनही खात्यात आलेली दिसते. ती वडिलांचं उत्पन्न नाही, आईचंही नाही. जादा आलेली रक्कम आहे, परत करायची. आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली असेल तर ती आईच्या रिटर्नमध्ये, 'इतर उत्पन्न' म्हणून.

एक मात्र नीट ऐक, कारण इथे तू उगाच कर भरून बसशील. माणूस वर्षाच्या मध्ये गेला म्हणून करमाफ उत्पन्नाची मर्यादा निम्मी होत नाही. पूर्ण वर्षाची मिळते. जुन्या करप्रणालीने भरणार असशील तर ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५०,००० रुपयांपर्यंतची वजावटही पूर्ण.

"बाबांच्या कराशी माझा काय संबंध?" हे तू आत्ता पुटपुटलास, मी ऐकलं. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १५९ वाच. जे देणं त्यांचं होतं, ते वारसाकडून वसूल होतं. मात्र त्यांनी मागे जेवढं ठेवलं तेवढ्याच मर्यादेपर्यंत. तुझ्या पगाराला हात लागत नाही. घर घेताना वारस आणि हिशेब देताना परका, हे चालत नाही. ताईला काही सांगितलंस का? तीही तेवढीच वारस आहे.

आता काय करायचं ते. आयकराच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून मृत व्यक्तीचा वारस म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, त्यांचं पॅन, वारसाचं पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हटलं की तुम्ही लोक थेट कोर्टाच्या पायऱ्या मोजायला लागता. तहसीलदारांकडचा वारस दाखला चालतो, नोंदणी केलेलं मृत्युपत्र चालतं, नॉमिनीचं नाव असलेलं बँकेचं पत्र चालतं. आणि सरकारी फॅमिली पेन्शनचा कागदही चालतो. तुझ्या घरात तो आईच्या नावाने असणार. मग वारस म्हणून आईचीच नोंदणी का नाही केलीस? तिला विचारलंच नाहीस, म्हणून. मंजुरी आली की सुधारित रिटर्न भर, त्यात व्याज मृत्यूच्या तारखेपर्यंतचंच दाखव, आणि वारस म्हणून, उघड नावाने पडताळणी कर.

टीडीएस कापलाय म्हणजे परतावा निघण्याची शक्यता आहे, आणि बंद झालेल्या खात्यात तो जमा होत नाही. त्यांचं पॅन परत करायचीही घाई नको. आधी परतावा येऊ दे, एफडी वारसांच्या नावावर होऊ देत, मग बघू.

तपकिरी फाइलीत तुझे वडील एफडीच्या पावत्या तारखेने लावून ठेवायचे, मी पाहिलेली आहे. ती आण. आणि घरी जाऊन आधी आईला विचार, पेन्शनचा आदेश कुठे ठेवलाय ते.