हंगाम मोठा की दिवस?

स्पीडवे या मोटारसायकलींच्या शर्यतीत गाडीला ब्रेक नसतो. चार स्वार लंबवर्तुळाकार वाटेवर चार फेऱ्या घेतात. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. या खेळाचे पहिले जागतिक अजिंक्यपद १९३६ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर ठरले. त्या रात्री ब्लूई विल्किन्सन या ऑस्ट्रेलियन स्वाराने आपल्या पाचही शर्यती जिंकल्या. पंधरापैकी पंधरा गुण! तरीही तो तिसरा ठरला. कारण हंगामातील आधीच्या फेऱ्यांचे अधिक गुणही जमेस धरले होते. अजिंक्यपद त्याचाच देशबंधू लायोनेल व्हॅन प्राग यास मिळाले.

हा अन्याय नव्हे काय? आपले मन झटकन 'होय' म्हणते. पण दूर कशाला, आमच्या पाचोऱ्याकडील काळ्या रानात कपाशी करणाऱ्यास विचारावे. जूनपासून राबून पिकविलेला कापूस वेचणीच्या वेळी एका अवकाळी सरीने भिजला, तर व्यापारी त्या दिवशीचा माल पाहून भाव करतो. मागले श्रम जमेस धरीत नाही. तेथे आपण हंगामाची बाजू घेतो, येथे दिवसाची! म्हणजे आपली दृष्टी मापाकडे नसून हरलेल्याकडे असते.

ही करुणा होय, आणि ती असावी. मात्र तिला न्याय म्हणू नये. आधी सर्वांस ठाऊक असलेला नियम निकालानंतर बदलता येत नाही. परंतु नियम पद देतो, थोरवी देत नाही. ती पाहणाऱ्याने निराळी मोजावी. विल्किन्सनने १९३८ साली त्याच पद्धतीने अजिंक्यपद मिळविले. ज्या मापाने आपणांस उणे ठरविले, त्याच मापात पुन्हा उतरणे, हीही थोरवीच नव्हे काय?