सुखानं झोपलो, हे कोण सांगतं?

पनवेलला आमच्या घराजवळच्या एका सभागृहात दर गुरुवारी पंचदशीचा वर्ग भरतो. ऐकणारे बहुतेक पेन्शनर. विद्यारण्यांच्या या चौदाव्या शतकातल्या वेदान्तग्रंथात पहिल्याच प्रकरणात गाढ झोपेचा दाखला आहे. माणूस उठतो आणि म्हणतो, सुखानं झोपलो, काहीच कळलं नाही. आता, जे अनुभवलंच नाही त्याची आठवण होत नसते. म्हणजे मन आणि इंद्रियं मालवलेली असतानाही कोणीतरी जागं होतं, त्यानं ते सुख आणि ते अज्ञान पाहिलं. तो साक्षी म्हणजेच आत्मा.

सगळ्यांच्या माना डोलल्या. माझी काही डोलेना, कारण हा दाखला रोज सकाळी माझ्याकडे चहा मागायला येतो. "मस्त झोप झाली," असं आमचे हे वर्षानुवर्षं म्हणत आलेत. रात्री मी पाहते ते वेगळंच. घोरणं चढत जातं आणि एकदम बंद पडतं. पोट हलतंय, छाती ओढतेय, पण नाकाशी बोट धरलं तर वारा नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा आचका, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं. फोर्टात नोकरी होती तेव्हा पनवेलहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळायची आणि खांदेश्वर यायच्या आत यांची मान खाली. लोक म्हणत, नशीबवान माणूस! गाडी शेवटी सीएसएमटीलाच थांबायची, म्हणून उतरायचं कधी चुकलं नाही, एवढंच.

शेवटी मुलीनं हट्टानं झोपेची तपासणी करवली. डोक्याला तारा, छाती-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडला की एकदा मोजतात. तासाला पाचपर्यंत ठीक, तीसच्या पुढे गंभीर. यांचा आकडा निघाला 38. आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. अहवाल पाहून हे म्हणाले, "हा माझा नसणार. मला तर काही कळलं नाही."

हे वाक्य घेऊनच मी वर्ग घेणाऱ्या शास्त्रीबुवांना गाठलं. साक्षीनं सुख पाहिलं म्हणता, मग गुदमरणं कोणी पाहिलं? बुवा प्रामाणिक. म्हणाले, नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हा दाखला कधीच पटला नव्हता. त्यांच्या मते गाढ झोपेत ज्ञानच नसतं. उठल्यावर अंग हलकं वाटतं, त्यावरून माणूस अनुमान करतो. पण वेदान्ताची बाजूही त्यांनी सोडली नाही. ज्याला तासाला 38 वेळा मेंदू हलवून उठवतो तो सुषुप्तीत, म्हणजे गाढ झोपेत, पोचलाच नाही, त्याची साक्ष धरायची कशाला?

मला हे अर्धंच पटतं. पोचलेला आणि न पोचलेला, दोघंही सकाळी एकच वाक्य एकाच सुरात बोलत असतील, तर त्या वाक्यावर आत्मा सिद्ध कसा करायचा? 'काही कळलं नाही' एवढं खरं. 'सुखानं' हे अनुमान, आणि तेही चुकलेलं. चांगली झोप कशी असते हेच ज्याला आठवत नाही, त्यानं ताडून कशाशी पाहावं?

प्रश्नोपनिषदात मात्र मला आधार सापडला. पिप्पलादांना गार्ग्य विचारतो, या देहात झोपतं कोण आणि जागतं कोण? उत्तर मिळतं की प्राणांचे अग्नी तेवढे जागे राहतात. यांच्या अहवालात नाकाची रेघ सपाट आणि छातीच्या पट्ट्याची रेघ हलती होती. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, वाट मिटते. प्राण जागाच होता, दार बंद होतं.

आणि हे एकट्या आमच्या घरातलं नाही. डॉ. झरीर उदवाडिया यांनी 2004 साली मुंबईतल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 19.5 टक्क्यांचा श्वास झोपेत अडखळत होता, आणि 7.5 टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं. पोट सुटलंय, मान जाड होतेय, वय वाढतंय. हा टक्का खाली यायचं कारण दिसत नाही.

उपाय म्हणून डॉक्टरांनी रात्री लावायचं हवेचं यंत्र सुचवलं. त्याला यांचा विरोध धार्मिक होता. "श्वास देवानं दिलाय, तो प्लगवर कशाला?" मग शेजारच्या काकांनी शंख सुचवला. ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. जयपूरच्या डॉक्टरांनी 30 रुग्णांवर केलेला प्रयोग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने शंख वाजवणाऱ्यांचे अडथळे तासाला चार-पाचांनी कमी झाले. पण अडतिसातून पाच गेले तरी तेहेतीस उरतात. शंख देवघरात राहिला आणि उशाशी सीपॅप आलं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली मांडलेली युक्ती साधी आहे: मुखवट्यातून हवेचा हलका दाब सतत द्यायचा, म्हणजे वाट मिटत नाही. श्वास ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. यंत्र फक्त दार धरून ठेवतं. हे सांगितल्यावर देवाची अडचण मिटली. मुखवट्याची कुरकुर चालू आहे.

नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानतात. स्वतःच्या झोपेबाबत प्रत्यक्ष नसतं आणि अनुमान फसतं. उरतो विश्वासू माणसाचा शब्द, आणि त्यालाच घरोघरी बायकोची कटकट म्हणतात. तुमचा श्वास झोपेत थांबतो असं घरातलं कोणी सांगत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. तपासणीची तारीख घ्या.