उद्यापनानंतर

स्त्रीच्या विटाळाचे दिवस आमच्या समाजात काटेकोरपणे मोजले जात आले आहेत. ‘कावळा शिवला’ की चार दिवस देवघर वर्ज्य आणि पाचव्या दिवशी न्हाऊन शुद्ध. ही मोजणी देवासाठी झाली. तिच्या देहासाठी दिवस कोणी मोजले काय?

साधारणतः 21 ते 35 दिवसांनी येणारी पाळी चाळिशीनंतर मागेपुढे होऊ लागते. हा निसर्गक्रमच आहे. सलग 12 महिने ती आली नाही, म्हणजे ती गेली असे वैद्यकशास्त्र मानते. मग पुष्कळ घरांत ऋषिपंचमीचे उद्यापन होते. अशा स्त्रीस वर्षादोन वर्षांनी पुन्हा रक्तस्राव झाला, तर ती तो लपविते. उद्यापन झाल्यावर पुन्हा ‘बाहेरची’ कसे म्हणवून घ्यावे, ही तिची लज्जा! वास्तविक ती पाळी नव्हेच. बहुधा कारण साधे निघते. पण क्वचित ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असते, आणि तो लवकर सापडला तर बहुधा बराही होतो. म्हणून एकदाच डाग दिसला तरी तपासणी हवी.

पतंजलींनी शौच नियमांत सांगितले; सत्य यमांत, आणि त्याच्याही आधी अहिंसा. आम्ही हा क्रम उलटविला. तिच्या लपविण्याचा दोष आम्ही तिच्या माथी मारू इच्छीत नाही. जिच्या चार दिवसांचा हिशेब सासू, नणंद, शेजारीण, सर्वांना मुखोद्गत होता, तिला आता एवढी गोष्ट सांगावयास घरात माणूस सापडत नाही.