नदीची कबुली



मिस्साच्या सुरुवातीला आपण केलेल्या चुकांची कबुली देतो, तशीच न केलेल्या कर्तव्याबद्दलही क्षमा मागतो. वारणेच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपण या दुसऱ्या कबुलीच्या वेळी कधी नदी आठवली आहे का?

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला. १९७४ मध्ये देशाचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा आला आणि १९८१ पासून तो आपल्या राज्यात लागू झाला. त्याचे २४ वे कलम सांगते की, विषारी वा दूषित द्रव्य जाणूनबुजून नदी-ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नये आणि सोडू देऊही नये. म्हणजे घाण करणारा दोषी आहेच, पण थांबवणे हाती असून डोळेझाक करणाराही सुटत नाही.

कायदा असूनही शेजारच्या पंचगंगेत शहरांचे आणि उद्योगांचे सांडपाणी जात राहिले. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. पुढे त्या शहराला वारणेचे पाणी नेण्याची योजना आली, तेव्हा दानोळीसह वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. शेतकऱ्याची भीती खोटी नव्हती आणि शहराची तहानही खोटी नव्हती. एक नदी नासली की भांडण दुसऱ्या नदीच्या काठावर येते. अशा वेळी आपला शेजारी कोण?

२०२४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती करून बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढली व दंड ठेवला. जी राज्ये ती स्वीकारतील, तेथे ती लागू होते. पण दंड भरला म्हणजे हिशेब मिटला का? दंड खर्चात धरता येतो, पाप खर्चात धरता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क मानला आहे.

आपल्या भागाची भाकरी उसावर, दुधावर आणि कारखानदारीवर आहे. त्यामुळे सांडपाण्याबद्दल विचारायला जीभ कचरते. शिवाय आपलेही हात स्वच्छ नाहीत. पिकावर फवारून उरलेले औषध ओढ्यात ओतणारे, पुलावरून पिशवी भिरकावणारे आपणच. म्हणून सुरुवात घरापासून करू या, पण तेथेच थांबू नये. ग्रामसभेत नदीचा प्रश्न आला, तर आपल्यापैकी कोणीतरी उभे राहिले पाहिजे.

ज्या पाण्याने आपला बाप्तिस्मा झाला, तेही कुठल्यातरी नदीचे, नाहीतर विहिरीचेच होते.