कोंडलेला दम

गोंदियात आमच्या मामाजींकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. मागच्या उन्हाळ्यात टॅपेट कव्हरमधून ऑईल गळू लागलं. दोनदा पॅकिंग बदललं, दोनदा पुन्हा गळलं. दोन्ही वेळा मामाजींनी पॅकिंग बसवणाऱ्या पोराला झापलं.

तिसऱ्यांदा मोठे मिस्त्री आले. इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑईल टाकायचं झाकण काढलं, तोंडावर कागद धरला. कागद उडाला. "भाऊ, आत दम कोंडलाय," म्हणाले, आणि ब्रीदरची नळी काढली. तिच्यात चिंधी कोंबलेली होती. दारात धुराचा वास येतो म्हणून मामाजींनीच कोंबली होती.

प्रत्येक स्फोटात थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही. मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्याला वाट हवी. ती बंद केली की दाब सगळ्यात कमजोर जागा शोधतो. मग गळतं तिथून आणि दोषही त्या जागेलाच.

घरात, ऑफिसात आपण हेच करतो. जो रडतो, चिडतो, त्यालाच बदलायला निघतो. चिंधी कुणी कोंबली, हे बघत नाही.

मग सगळं मोकळं सोडायचं का? जुन्या गाड्यांत ही नळी सरळ खाली रस्त्यावर उघडायची. इंजिन मोकळं, पण न जळलेल्या पेट्रोलची वाफ मागून येणाऱ्याच्या नाकात. कॅलिफोर्नियात धुरकं असह्य झालं, तेव्हा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. वायू पुन्हा इंजिनातच ओढायचा आणि जाळायचा. "मी मनात काही ठेवत नाही," असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी आपल्या मागे कोण चालतंय, हे एकदा बघावं. आपला धूर आपण जाळणं म्हणजे गिळून बसणं नव्हे. गिळणं म्हणजे चिंधी.

अर्थात रिंगाच झिजल्या असतील, तर व्हॉल्व्हही पुरत नाही. ऑईल वर चढतं, निळा धूर येतो. तेव्हा इंजिन खोलावंच लागतं.

मिस्त्रींनी नळी रॉकेलमध्ये धुतली आणि तिचं तोंड एअर क्लीनरला जोडून दिलं. गळती थांबली. रिंग-पिस्टनचं काम दिवाळीनंतर बघू, म्हणाले मामाजी.

त्या पोराची माफी मागायची मात्र अजून राहिलीय.