बेहड्याखालची मोजदाद

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे; दमयंतीही याच विदर्भाची राजकन्या. तिचा नवरा नळ द्यूतात राज्य घालवून बसला, रानोमाळ भटकला आणि शेवटी अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाने सारथी होऊन राहिला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण कुंडिनपुराकडे निघतो, तेव्हा वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. राजा रथातूनच सांगतो की खाली गळालेली पाने-फळे झाडावरच्यांपेक्षा १०१ ने जास्त आहेत, आणि दोन फांद्यांवर ५ कोटी पाने नि २,०९५ फळे आहेत. बाहुकाला हे ऐकून भागत नाही. राजाला उशीर होतो आहे हे दिसत असूनही तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. संख्या जुळते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. ते कळताक्षणी नळाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात जाऊन लपतो. बेहड्याच्या फळांचेच त्या काळी फासे होत, आणि कली हे हरणाऱ्या दानाचेही नाव होते.

युरोपात पास्काल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रांतून जुगाराचे गणित मांडले, त्याच्या कितीतरी शतके आधी महाभारतकाराने झाडावरची फळे मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसाच्या हाती ठेवली. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात या कथेची मुद्दाम दखल घेतली. मला मात्र या कथेतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नळाला कलीपासून सोडवते ती मोजदाद. व्रत, नवस किंवा मंत्राने तो सुटत नाही. जुगाराचे वेड हा नशिबाचा भाग आहे आणि हिशेब हा श्रद्धेचा शत्रू आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. ही कथा सांगणारे महाभारताचे वनपर्व तसे मानत नाही.

मटक्यावर आकडा लावणारा माणूस गणितात कच्चा असतो म्हणून फसतो, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. बाजार समितीत कापसाची पट्टी हातात पडल्यावर तोच माणूस हमाली, तोलाई, कट्टी यांचा हिशेब तोंडी करतो. त्याची चूक वेगळ्या जागी आहे. त्याने मनोमन एक सिद्धान्त धरलेला असतो: जगात कुठेतरी आपली खातेवही उघडी आहे, इतके दिवस आपण हरलो ते तिथे जमा आहे, आणि आता परतफेड व्हायलाच हवी. ही कर्मसिद्धान्ताची नक्कल आहे, आणि चुकीची नक्कल आहे. कर्माला स्मृती असते असे आपले शास्त्र म्हणते. केलेले फळल्याशिवाय राहत नाही. पण मडक्यातल्या चिठ्ठीला स्मृती नसते. काल कोण हरले हे तिला ठाऊक नसते, आणि तिच्याकडून हरणे हे काही पुण्यकर्म नव्हे, की त्याचे फळ मिळावे.

मटक्याचा जन्मच आपल्या पिकाशी बांधलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दर उघडताना आणि बंद होताना जे आकडे येत, ते मुंबईच्या कापूस बाजारात तारेने पोचत आणि त्यांवर पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढण्याची स्वतंत्र पद्धत सुरू केली. मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या म्हणून नाव मटका पडले. ज्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आणली, त्या कापसाच्या नावाने सुरू झालेला खेळ अकोला-अमरावतीच्या पानठेल्यांवर येऊन बसला. त्याचे गणित अगदी साधे आहे. ० ते ९ मधला एक आकडा लावला तर लागण्याची शक्यता दहात एक, आणि मिळतात साधारण नऊ पट. ०० ते ९९ मधली जोडी लावली तर शंभरात एक, आणि मिळतात साधारण नव्वद पट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले सरासरी १० रुपये खेळवणाऱ्याचे. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण हातात आलेले पैसे पुन्हा लावले जातात, त्यांतले पुन्हा दहा टक्के जातात, आणि अशा दहा फेऱ्यांनंतर सरासरीने १०० चे ३५ रुपये उरतात.

याहून खोल फसगत पुढेच आहे. रोज एकच जोडी धरली तर शंभर दिवसांत ती एकदा तरी लागणारच, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. रोज न लागण्याची शक्यता शंभरात ९९. शंभर दिवस सलग न लागण्याची शक्यता शंभरात जवळपास ३७. म्हणजे शंभर माणसांनी शंभर दिवस नेमाने जोडी लावली, तर ३७ जणांना ती एकदाही दिसणार नाही. तीनशे दिवसांनंतरही शंभरातले पाच जण कोरडेच राहतील. आणि एकशे एकाव्या दिवशी त्या ३७ जणांपैकी प्रत्येकाची शक्यता किती? शंभरात एक, पहिल्या दिवशी होती तेवढीच. हीच चूक इटलीत अख्ख्या देशाने केली. व्हेनिसच्या लॉटरीत ५३ हा आकडा जवळजवळ दोन वर्षे निघालाच नाही. जितका उशीर होत गेला तितके लोक त्याच्यामागे लागले, साठवलेले पैसे आणि घरे गेली, काहींनी जीव दिला. सुमारे साडेतीन अब्ज युरो त्या एका आकड्यावर लागल्यानंतर फेब्रुवारी २००५ मध्ये तो निघाला. तिथेही देव मानणारी माणसे होती आणि तिथेही आकडे मोजता येणारी माणसे होती.

लॉटरीच्या तिकिटावर हीच समजूत दुसऱ्या रूपात दिसते: ‘एका आकड्याने हुकले.’ सहा आकडी क्रमांकांची दहा लाख तिकिटे असतील, तर पहिल्या बक्षिसापासून नेमक्या एका आकड्याने हुकलेली तिकिटे दरवेळी ५४ असतात. सहा जागा, प्रत्येक जागेवर नऊ चुकीचे आकडे. दर सोडतीला ५४ घरांत नशीब दारापर्यंत येऊन गेल्याचा भास होतो आणि पुढचे तिकीट घेतले जाते. सोडतीच्या दृष्टीने ते तिकीट इतर कोणत्याही पडलेल्या तिकिटाइतकेच दूर होते. अशा लॉटरीचे दर आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याला सगळ्या क्रमांकांइतकी तिकिटे घ्यायला १९ हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. कोणाला तरी लागतेच ना, हा युक्तिवाद खरा आहे. पण कोणाला तरी लागणे आणि मला लागणे या दोन वाक्यांत दहा लाखांचे अंतर आहे.

मग श्रद्धेचा प्रश्न येतो. एखादा महाराज आकडा देतो अशी ख्याती होते, त्याच्या हातवाऱ्यांतून, शिव्यांतून, भिरकावलेल्या दगडांतून लोक जोड्या काढतात. हजार माणसांनी हजार अर्थ काढले तर दहा-एकांची जोडी लागतेच. ते दहा जण नारळ घेऊन परत येतात आणि गावभर सांगतात. उरलेले नऊशे नव्वद आपणच नीट समजलो नाही म्हणून गप्प राहतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यांचा घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाच्या चार महिन्यांचे नि पिकांचे भाकीत सांगतात. त्या परंपरेमागची शेतकऱ्याची व्याकुळता खरी आहे, आणि तिचा मला आदर आहे. तरीही हे म्हटलेच पाहिजे: चार महिन्यांसाठी कमी, साधारण, चांगला अशा तीन शक्यतांतून डोळे मिटून निवड केली, तरी निदान एक महिना बरोबर येण्याची शक्यता ८० टक्के आहे. तो एक महिना लोकांच्या लक्षात राहतो आणि बाकीचे तीन विस्मरणात जातात.

श्रद्धावान माणूस यावर गंभीर हरकत घेईल, आणि ती टाळता येणार नाही. तो म्हणेल, जगात योगायोग नाहीच. पानही त्याच्या इच्छेशिवाय हलत नाही. मग दहा लाखांत एक या बोलण्याला अर्थ काय? देवाने मनात आणले तर माझेच तिकीट निघेल. हे पूर्ण मान्य केले तरी संभाव्यता खोटी ठरत नाही. शक्यता हे देवाच्या इच्छेचे माप नाहीच. आपल्याला किती कळते आणि किती कळत नाही, याचे ते माप आहे. सगळे त्याच्या हाती आहे असे मानणाऱ्याने तर ते माप अधिक नम्रतेने स्वीकारायला हवे, कारण त्याची इच्छा आपल्याला कळत नाही हे त्यालाच सर्वांत पक्के ठाऊक असते. ‘आता लागायलाच पाहिजे’ हे वाक्य भक्ताचे नाही. त्यात देवाकडे केलेली वसुली आहे. फळावर हक्क सांगू नये हे ज्या परंपरेने शिकवले, तिच्यात या वाक्याला जागा नाही.

दुसरी हरकत वऱ्हाडाची स्वतःची आहे, आणि मला ती सर्वांत जड वाटते. कोरडवाहू शेती हाच जुगार असेल, पावसाने एक खंड दिला की पेरणी मोडत असेल आणि भाव दुसऱ्याच्या हाती असेल, तर त्या शेतकऱ्याला जोडी लावू नको म्हणण्याचा अधिकार कोणाला? वेदना मान्य, पण तुलना मान्य नाही. कपाशीच्या ओळींत तुरीचे तास घालणारा, पहिल्या शिडकाव्यावर सगळे बियाणे न टाकणारा शेतकरी संभाव्यता जगत असतो. त्याने आपल्या हरण्याचे रूप बदललेले असते: कपाशी गेली तरी तूर उरावी. शेतात त्याच्या कृतीने शक्यता हलते. मटक्यात त्याने काहीही केले तरी हलत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले जुगाऱ्याचे सूक्त शेवटी हेच सांगते की फासे सोड आणि शेत कर. ज्या काळी शेती आजच्याइतकीच पावसावर होती, त्या काळचा तो सल्ला आहे. महाराष्ट्र शासनाने आपली लॉटरी सुरू केली १९६९ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. अनिश्चिततेला सामोरे जाण्याचे दोन मार्ग सरकारने एकाच वर्षी उघडले, आणि त्यांतला एकच मार्ग शेतकऱ्याची शक्यता वाढवणारा आहे.

राहिली शेवटची हरकत: गरिबाने दोन दिवस आशेवर काढले तर कोणाचे काय जाते? आशा विकत घेण्यात मी पाप पाहत नाही. पण जोडी लावणारा आशेवर थांबत नाही. कालचे भरून काढण्यासाठी तो आज दुप्पट लावतो, आणि तिथून उधारी सुरू होते. शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी हयातभर कीर्तनातून कर्ज काढू नका म्हणून विनवले. देवाधर्मासाठीसुद्धा कर्ज काढू नका, असे ते सांगत. मग आकड्यासाठी काढलेल्या कर्जाबद्दल काय बोलावे?

नळाने राजाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, झाड पाडून स्वतः मोजले. तुमच्या घरात कोणी जोडी लावणारा असेल, तर त्याच्याशी भांडू नका, त्याला शपथही घालू नका. एक दोनशे पानी वही द्या. शंभर दिवस रोज लावलेला प्रत्येक रुपया डाव्या पानावर आणि मिळालेला प्रत्येक रुपया उजव्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने लिहावा, हुकलेली एकही जोडी न वगळता. शंभराव्या दिवशी दोन्ही पानांची बेरीज त्यालाच करू द्या.