अंगावरून वारं गेलं

वाळपईच्या बाजारातली वर्दळ ओसरली की घरच्या सोप्यावर येऊन बसा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून (गोमेकॉतून) आणलेली वडिलांची फाईल मांडीवर असू द्या, अजून उघडू नका. आधी अर्धांगवायूसाठीचे आपल्याकडचे शब्द मनात घोळवा : ‘अंगावरून वारं गेलं.’ वारं एकच असतं, बाहेरून येतं आणि अवचित येतं. एवढं म्हटलं की पुढे विचारायला काही उरत नाही.

(हे मनन नंतरचं आहे. तोंड वाकडं होत असेल, हात उचलत नसेल, जीभ जड पडली असेल, तर बसून राहू नका, १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि बांबोळी इथून जवळ नाही.)

आता दोन बोटं मानेच्या एका बाजूला, कंठाशेजारी टेकवा. हलकेच, दाबू नका. ठोका लागतो ती मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी. जुन्या नळाला आतून क्षार धरावेत तसा तिला चरबीचा थर धरतो. वाट निम्म्याहून अधिक बुजली की डॉक्टरांचा संशय तिच्यावर जातो. दोन श्वास इथेच थांबा.

बोटं मनगटावर आणा. ठोके एका लयीत पडतात का? लय पार विस्कटलेली असेल तर हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळत, साकळत असू शकतं. तिथली एखादी गुठळी सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते.

तिसरी जागा बोटांना लागायची नाही. मेंदूच्या खोल भागात मिलिमीटरहूनही बारीक वाहिन्या आहेत. रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं त्यांच्या भिंती जाड करत राहतात. तिथली इजा बहुधा दीड सेंटिमीटरपेक्षाही लहान असते, पण माणूस पाय ओढत चालतो.

या तिन्ही जागा एकाच माणसाच्या आहेत, एवढंच आता मनात धरा. सत्तरी तालुक्यातला, सत्तरी गाठलेला माणूस. विडी, रक्तदाब, साखर यांनी त्याच्या अंगात पाळी लावून काम केलेलं नाही.

उघडा फाईल. ‘कारण अनिश्चित’ असा शेरा दिसेल कदाचित. १९९३ साली या झटक्याच्या कारणांची ‘टोस्ट’ नावाची वर्गवारी आली, तिचे पाच कप्पे : मोठी वाहिनी, हृदय, बारीक वाहिनी, इतर ठरलेलं कारण, आणि अनिश्चित. एका औषधाच्या चाचणीसाठी ती केली होती; औषध फारसं उपयोगी ठरलं नाही, कप्पे मात्र जगभर राहिले. त्यातल्या पाचव्यावर जरा रेंगाळा. सगळं तपासून काही सापडलं नाही, तो रुग्ण तिथे. तपासण्याच अपुऱ्या राहिल्या, तोही तिथेच. आणि दोन कारणं सापडली, तोही तिथेच! जास्त कळलं म्हणून अनिश्चित, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

रगाडा नदी म्हादईला मिळते. संगमाखालचं पाणी ओंजळीत घेऊन त्यातलं रगाड्याचं कोणतं, हे सांगता येत नाही. पण दोन्ही नद्यांच्या काठाने वर चालत जाता येतं. २०१३ची ‘ॲस्कॉड’ पद्धत तशी चालते. मोठ्या वाहिन्या, बारीक वाहिन्या, हृदय, इतर आजार, वाहिनीच्या भिंतीची चीर : पाचांपुढेही आकडा लिहायचा. १ म्हणजे कारण असू शकेल, २ म्हणजे संबंध नक्की नाही, ३ म्हणजे दोष आहे पण यावेळचं कारण तो नसावा. दोष नसेल तर ०. आणि पुरेसं तपासलंच नसेल तर ९. ‘नाही’ आणि ‘पाहिलं नाही’ यांना वेगळे आकडे आहेत.

घरात आपण दोन वेगळ्या औषधांना ‘रक्त पातळ करायची गोळी’ हे एकच नाव देतो. हृदयातून गुठळी येत असेल तर त्यातली एक लागते, मानेतली वाहिनी अरुंद असेल तर बहुधा दुसरी. तेव्हा पुढच्या तारखेला बांबोळीला जाताना फाईल न्या आणि डॉक्टरांना एवढं विचारा : या पाच कारणांतलं काय तपासायचं राहिलंय?